प्रायव्हेट लिमिटेड काढण्याआधी एवढे पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘आठवड्यात कंपनी, तीही अमुक हजारांत’ अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. त्यातले नोंदणीचे आश्वासन बहुतेक वेळा खरे असते. कंपनी काढणे खरोखरच सोपे झाले आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून किमान १ लाख भांडवलाची अट गेली, आणि २०२० पासून नाव, नोंदणी, पॅन, टॅन (करकपातीचा क्रमांक), भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कामगार विमा), महाराष्ट्रातला व्यवसाय कर आणि बँक खाते एवढे सगळे ‘स्पाइस प्लस’ या एकाच ऑनलाइन अर्जात आले. जाहिरातीत येत नाही ते पुढचे. आपली मालमत्ता नेमकी कोणापासून वाचते, पहिल्या सहा महिन्यांत काय काय करावे लागते आणि ते चुकले तर रोज किती रुपये चढतात, हे छोट्या व्यावसायिकाला फार उशिरा कळते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशील दिला नाही तर त्याचा उपयोग नाही.

आधी जबाबदारीचे बोलू, कारण बहुतेक जण कंपनी त्यासाठीच काढतात. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात धंद्याचे देणे हे मालकाचेच देणे. साध्या भागीदारीतही प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला बांधील असतो. कंपनी मात्र कायद्याने वेगळी व्यक्ती. कच्चा माल उधार देणारा व्यापारी, जागेचा मालक, ऑर्डर पुरी न झाल्याने भरपाई मागणारा ग्राहक, यांची मागणी कंपनीच्या मालमत्तेपाशी थांबते. शेअरचे पैसे पूर्ण भरलेले असतील तर भागधारकाच्या घरापर्यंत ती येत नाही. हे संरक्षण खरे आहे आणि मोलाचे आहे.

पण त्याला भोके आहेत, आणि छोट्या व्यावसायिकाची मोठी देणी नेमकी त्या भोकांतून बाहेर पडतात. पहिले बँकेचे कर्ज. छोट्या कंपनीला कॅश क्रेडिट किंवा मुदत कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते, आणि ती सही केली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची देणी मिटवण्याचा आराखडा मंजूर झाला तरी हमी देणारा आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ च्या निकालात स्पष्ट केले आहे. दुसरे न वटलेले धनादेश. कलम १३८ च्या खटल्यात कंपनीबरोबर कारभार पाहणारा आणि सही करणारा संचालकही आरोपी होतो. तिसरे कर. प्रायव्हेट कंपनीकडून जीएसटी किंवा प्राप्तिकर वसूल झाला नाही तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. थकबाकी आपल्या ढोबळ निष्काळजीपणामुळे, गैरकृत्यामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे राहिलेली नाही, हे संचालकानेच सिद्ध करायचे. घरातल्या कोणाला ‘नावापुरते’ संचालक करताना हे त्या व्यक्तीला सांगितलेले असावे. आई किंवा पत्नी यांची सही फक्त किमान दोन संचालकांचा आकडा भरायला घेतली जाते आणि नोटीस मात्र त्यांच्या नावाने येते.

चौथे भोक फारसे कोणाला माहीत नसते. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन भागधारक लागतात. त्यातला एक वारला आणि शेअर कोणाच्याच नावावर न होता सहा महिन्यांहून अधिक काळ कंपनी एकाच भागधारकावर चालू राहिली, तर हे माहीत असलेला भागधारक त्या सहा महिन्यांनंतरच्या देण्यांना स्वतः जबाबदार ठरतो. बाप-लेक किंवा नवरा-बायको अशा दोघांच्याच कंपन्या आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनी शेअरचे नामनिर्देशन पहिल्याच महिन्यात करून ठेवावे, आणि सगळे संचालक वारले तर वारसांना नवा संचालक नेमता येईल असे कलम कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत घालावे. तयार नमुन्याची नियमावली जशीच्या तशी चिकटवली तर हे राहून जाते.

आता कंपनी लागतेच का, हा प्रश्न. एकट्याचे दुकान, उलाढाल २ कोटींच्या आत आणि उधारीचा धोका कमी असेल, तर आमच्या मते मालकी धंदाच बरा. प्राप्तिकरातली अंदाजित नफ्याची सवलत, म्हणजे रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून मोकळे होणे, ही व्यक्तीला, हिंदू अविभक्त कुटुंबाला आणि साध्या भागीदारीला मिळते. कंपनीला आणि एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, ती मिळत नाही. समजा वर्षाचा नफा १० लाख आहे. नव्या करप्रणालीत व्यक्तीला त्यावर कर येत नाही. तोच नफा कंपनीत राहिला तर २२ टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ५२ हजार रुपये जातात. संचालकाला पगार देऊन हा भार कमी करता येतो. पण तो पगार संचालक मंडळाच्या ठरावाने आधी ठरलेला, खात्यातून दर महिन्याला दिलेला आणि केलेल्या कामाला साजेसा हवा. मार्चअखेर हिशेब पाहून मागच्या तारखेने लिहिलेला पगार तपासणीत टिकत नाही.

दोघे-तिघे मिळून सेवेचा व्यवसाय करत असतील, आणि बाहेरचा गुंतवणूकदार येणार नसेल, तर एलएलपी विचारात घ्यावी. तिची वार्षिक सभा नाही, आणि उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर त्या कायद्याखाली लेखापरीक्षणाची सक्ती नाही. वर्षाला दोन पत्रके: फॉर्म ११ मे ३० पर्यंत, फॉर्म ८ ऑक्टोबर ३० पर्यंत. भागीदारीचा करार नोंदणीपासून ३० दिवसांत दाखल करावा लागतो आणि तो बरेच जण विसरतात. कर मात्र उपकरासह ३१.२ टक्के. एकट्यालाच कंपनी हवी असेल तर एकव्यक्ती कंपनी आहे. तिच्यावरची भांडवल-उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०२१ पासून काढली आहे, पण नामनिर्देशित वारस नोंदणीच्या वेळीच द्यावा लागतो. प्रायव्हेट लिमिटेड कोणी काढावी? ज्याला इतरांचे भांडवल शेअर देऊन घ्यायचे आहे, ज्याचा मोठ्या उधारीचा किंवा भरपाईच्या दाव्याचा धंदा आहे, आणि ज्याचे ग्राहक कंपनीशीच व्यवहार करतात, त्याने.

ठरलेच, तर अर्ज कशावर अडतो ते पाहा. कायद्यापेक्षा जास्त वेळा तो कागदावरच्या नावावर अडतो. आपल्याकडे पॅनवर ‘पाटील सुरेश रामचंद्र’ आणि आधारवर ‘सुरेश रामचंद्र पाटील’ असते. स्त्रियांच्या बाबतीत एकावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे आडनाव. डिजिटल सही पॅनवरच्या नावाने निघते आणि अर्जातले नाव तिच्याशी जुळावे लागते. तेव्हा पॅन आणि आधार आधी एकसारखे करा, मगच पैसे भरा. दुसरी अडचण नोंदणीकृत पत्त्याची. वीजबिल दोन महिन्यांच्या आतले लागते आणि सोबत जागामालकाचे ना-हरकत पत्र. महावितरणचे बिल वारलेल्या आजोबांच्या नावाने येत असेल तर त्यांचे ना-हरकत कोण देणार? वारसनोंद झालेला उतारा किंवा मालमत्ता कराची पावती जोडून हयात वारसांची पत्रे घ्यावी लागतात. हे जमवायला कधी कधी नोंदणीपेक्षा जास्त दिवस जातात, म्हणून सुरुवात इथून करावी.

नावासाठी दोन पर्याय देता येतात आणि १,००० रुपये शुल्क आहे. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. साई, सह्याद्री, गणेश, कृष्णाई असली नावे बहुतेक सगळ्या धंद्यांत आधीच गेलेली आहेत. ‘फूड’चे ‘फूड्स’ केले, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवले किंवा अस्तित्वातल्या नावाचा हिंदी-इंग्रजी अनुवाद केला तरी ते तेच नाव समजले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते कंपनीला देता येत नाही. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यावर ट्रेडमार्कच्या नोंदवहीतही तेच नाव आपल्या वर्गात पाहावे. एका ठिकाणी मोकळे आणि दुसऱ्या ठिकाणी गेलेले, हे नेहमीचे आहे. हे अर्ज हरियाणातल्या मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासले जातात, तेव्हा स्थानिक कार्यालयात ओळख काढून उपयोग नाही.

कंपनीच्या घटनापत्रातल्या उद्देशाच्या कलमात धंदा नीट लिहावा. ‘सर्व प्रकारचा व्यापार’ असे मोघम लिहिले की प्रश्न येतो, आणि फक्त ‘लोणची-पापड’ लिहिले तर उद्या शीतगृह टाकताना विशेष ठराव करून कलम बदलावे लागते. आजचा धंदा आणि त्याला लागून पुढच्या पाच वर्षांत येईल तो, एवढे लिहावे.

अधिकृत भांडवल, म्हणजे जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढता येतात ते, १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचे सरकारी शुल्क शून्य आहे, मुद्रांक शुल्क मात्र राज्याच्या दराने द्यावे लागते. छोट्या धंद्याला अधिकृत १० लाख आणि भरणा झालेले १ लाख, म्हणजे १० रुपयांचे १०,००० शेअर, हे सुरुवातीला पुरते. खरी काळजी घ्यायची ती वाटणीची. मित्र-मित्र मिळून सर्रास ५०-५० करतात. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो आणि विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. ५०-५० मध्ये मतभेद झाला की काहीच मंजूर होत नाही, ना संचालक बदलतो, ना भांडवल वाढते. ज्याच्याकडे २६ टक्के आहेत तो कोणताही विशेष ठराव अडवू शकतो. म्हणून वाद झाल्यास कोणी कोणाचे शेअर कोणत्या हिशेबाने विकत घ्यायचे, बाहेरच्याला विकण्याआधी आतल्याला विचारायचे की नाही, काम सोडून गेलेल्याचे शेअर काय करायचे, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. धंदा चांगला चालला की हे लिहायला कोणीच बसत नाही.

नोंदणी प्रमाणपत्र हाती आले की खरे घड्याळ सुरू होते. पहिल्या ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा, पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक आणि नोंदणीच्या वेळी पत्ता दिला नसेल तर पत्त्याची पडताळणी. दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट. आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे शेअरचे पैसे प्रत्यक्ष कंपनीच्या खात्यात आल्याचे जाहीरनामापत्र. त्याआधी कंपनीला धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. हा फॉर्म चुकला तर कंपनीला ५० हजार आणि प्रत्येक कसूरदार संचालकाला रोज १,००० रुपये, १ लाखापर्यंत, असा दंड कलमात आहे. नाव नोंदवहीतून काढण्याचेही ते कारण ठरते. प्रत्यक्षात गाडी बँकेत अडते. खाते क्रमांक आला तरी शाखा ठराव, केवायसी आणि जागेची पाहणी मागते, त्यात महिना-दोन महिने जातात. शिवाय भागधारकाने आपल्या हिश्श्याचे पैसे स्वतःच्याच खात्यातून भरायला हवेत. दोघांचे पैसे एकाच खात्यातून आले की पुढे खुलासा करत बसावे लागते.

पाटीबद्दल एक गोष्ट. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावावा लागतो, आणि तो त्या भागातल्या भाषेच्या लिपीतही असावा लागतो. म्हणजे महाराष्ट्रात मराठी पाटी ही कंपनी कायद्याचीच अट आहे. बिलांवर आणि पत्रांवर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), पत्ता, दूरध्वनी, ईमेल हवा. जुनी बिलबुके संपवू म्हणून मालकी धंद्याच्या नावानेच बिले फाडणारे पुष्कळ आहेत. त्यात दंड तर आहेच, शिवाय ती उधारी कंपनीची की मालकाची, हा वाद उभा राहतो. ज्या संरक्षणासाठी कंपनी काढली तेच हातचे जाते.

दरवर्षीचे काम ठरलेले आहे. कायद्याच्या व्याख्येतल्या लहान कंपनीला वर्षातून दोन मंडळ सभा, प्रत्येक सहामाहीत एक आणि दोन्हींत किमान ९० दिवसांचे अंतर. उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण. हिशेबाचे सॉफ्टवेअर केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारे हवे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, हे १ एप्रिल २०२३ पासून सर्व कंपन्यांना लागू आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत (पहिली सभा पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत), सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेबपत्रके) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरण). कर्जे आणि ठेवींची माहिती देणारे डीपीटी-३ दरवर्षी ३० जूनपर्यंत. कंपनीचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. संचालकाच्या डिन (संचालक ओळख) क्रमांकाचे केवायसी मुदतीत झाले नाही तर क्रमांक बंद पडतो आणि तो चालू करायला ५,००० रुपये लागतात.

एओसी-४ आणि एमजीटी-७ए उशिरा भरले तर प्रत्येकी रोज १०० रुपये, आणि याला वरची मर्यादा नाही. एक वर्ष उशीर म्हणजे एका पत्रकाचे ३६,५००, दोन्हींचे ७३,०००. एक लाख भांडवलाच्या, धंदा सुरूही न झालेल्या कंपनीला हा आकडा लागतो. सलग तीन वर्षे पत्रके भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात, आणि तेही सगळ्या कंपन्यांसाठी. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले, तेव्हा त्यात कागदी कंपन्यांबरोबर निव्वळ आळसाने पत्रके न भरलेले छोटे व्यावसायिकही सापडले.

पैशांच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओळखीच्यांकडून कंपनीत उसने घेणे. मालकी धंद्यात मेहुण्याच्या मित्राकडून २ लाख हातउसने चालतात. कंपनीत ती बेकायदा ठेव ठरते, मग व्याज देवो किंवा न देवो. संचालक किंवा संचालकाचा नातेवाईक स्वतःचे पैसे देऊ शकतो, पण ‘हे पैसे मी कर्ज काढून आणलेले नाहीत’ असे लेखी घ्यावे लागते. शेअर देतो म्हणून घेतलेले पैसे ६० दिवसांत शेअर देऊन मिटवायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे. तेही केले नाही तर तीच ठेव. ठेवींच्या नियमभंगाबद्दल जबाबदार अधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. उलट दिशेनेही सांभाळावे लागते. कंपनीत नफा साठलेला असताना १० टक्के किंवा जास्त मतांच्या भागधारकाने घराच्या कामासाठी खात्यातून ‘तात्पुरते’ ५ लाख उचलले, तर प्राप्तिकर खाते तो लाभांश समजून त्याच्यावर कर लावू शकते.

चालू मालकी धंदा कंपनीत न्यायचा असेल तर पॅन बदलते, आणि पॅनबरोबर बाकीचे जवळजवळ सगळे. जीएसटी क्रमांक नवा, उरलेले कर-क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने वळवायचे, उद्यम नोंदणी नवी, खाद्यपदार्थांचा परवाना नवा, वीजजोडणी नावावर, ट्रेडमार्कचे हस्तांतरण, एमआयडीसीचा भूखंड असेल तर महामंडळाची परवानगी आणि त्याचे शुल्क, बँकेची कर्जमर्यादा नव्याने मंजूर. भांडवली नफ्याचा कर टाळायचा तर धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीत गेली पाहिजेत, मोबदला फक्त शेअरच्या रूपात हवा आणि मालकाकडे पाच वर्षे किमान ५० टक्के मते राहिली पाहिजेत. तिसऱ्या वर्षी गुंतवणूकदाराला ५५ टक्के दिले की माफ झालेला कर परत येतो. हे बदल १ एप्रिलच्या तोंडावर करावेत. मध्येच केले की एकाच वर्षाचे दोन हिशेब, दोन विवरणपत्रे आणि दोन्ही नावांवर आलेल्या पैशांचा मेळ घालण्यात वर्ष जाते.

आपल्या दैनिकामार्फत कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एक मागणी करावीशी वाटते. लहान कंपन्यांना दंडात निम्मी सवलत कायद्याने दिली आहे, पण रोज १०० रुपयांच्या उशीर शुल्काला ती लागू होत नाही. त्याला भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात कमाल मर्यादा असावी. आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी नव्या कंपन्यांना वर लिहिलेल्या मुदतींचा तक्ता मराठीत, प्रमाणपत्राबरोबरच पाठवावा. या मुदतींची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आहे, नव्या कंपनीचा ईमेलही आहे.

कंपनी काढून धंदा जमला नाही, तर ती तशीच सोडून देऊ नये. खाते बंद करून, देणी मिटवून, धंदा थांबला त्या वर्षापर्यंतची पत्रके भरून एसटीके-२ अर्जाने नाव काढता येते. सरकारी शुल्क १० हजार रुपये आहे. वर्षभरात धंदा सुरूच झाला नसेल किंवा सलग दोन वर्षे बंद असेल तर हा मार्ग खुला असतो. मार्ग खुला होताच केले तर यात भागते, तीन वर्षे थांबल्यावर त्याच्या आधी उशीर शुल्काचे लाखभर मोजावे लागतात.

आपला विश्वासू,
एक कंपनी सचिव, सांगली